धुळ्यात जहाज बांधताना

पेटी उघडली की आत जहाज दिसत नाही. लेसरनं कापलेले, पण अजून चौकटीतच अडकून राहिलेले प्लायवूडचे तक्ते असतात. दीड मिलिमीटर जाडीच्या फिकट लाकडी पट्ट्यांची एक जुडी असते आणि तिच्या शेजारी अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या अक्रोडाच्या पट्ट्यांची दुसरी. डोलकाठ्यांसाठी गोल दांडे, चिमट्याशिवाय धरता न येणारे पितळी खिळे, दोऱ्याची रिळं, खणाखणांच्या डबीत कप्प्या, तोफा, नांगर. सगळ्यांच्या तळाशी घड्या घातलेले मोठे नकाशे. नवा माणूस आधी पेटीवरचं चित्र पाहतो, मग सूचनापुस्तिका उघडतो, मग लगेच गोंद शोधतो. नकाशे भिंतीला लागतात ते काहीतरी अडल्यावर. हा क्रम उलटा करावा, नकाशा आधी वाचावा आणि हात नंतर चालवावा, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

किटमधून लाकडी जहाज बांधणं हा मुलांचा खेळ आहे असं अनेकांना वाटतं, आणि थोड्यांना ते परदेशी श्रीमंतांचं खूळ वाटतं. मला त्यात एक शिस्त दिसते. खऱ्या गोदीत जहाज ज्या क्रमानं उभं राहत असे, जवळजवळ त्याच क्रमानं ते आपल्या टेबलावर उभं राहतं. आधी कणा, ज्याला कोकणातले कारागीर पठाण म्हणतात. मग त्यावर आडवे सांगाडे. मग डेक, मग अंगावरच्या फळ्या, मग डोलकाठ्या, आणि शेवटी दोर. हा क्रम चुकवता येत नाही, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा आधार असते. जहाजांविषयी वाचून जे कळत नाही ते इथे बोटांना कळतं: नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळी का वळत नाही, डोलकाठीला मागून इतके दोर का लागतात, तोफांचा मजला पाण्यापासून इतकाच उंच का ठेवला. मी मॉडेल बांधण्याला जहाज वाचण्याची पद्धत मानतो, आणि या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण त्याच समजुतीतून आलं आहे.

या पद्धतीला मोठा वंश आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारी गोद्यांत पाव इंचाला एक फूट, म्हणजे 1:48, या प्रमाणात युद्धनौकांची मॉडेलं बनत. त्यांच्या खालच्या भागावर फळ्या मुद्दाम बसवत नसत, म्हणजे आतल्या फासळ्या उघड्या दिसत. ती आज ग्रिनिच आणि अनापोलिसच्या संग्रहालयांत आहेत. नेपोलियनच्या युद्धांतल्या फ्रेंच कैद्यांनी इंग्लंडच्या तुरुंगांत जेवणातल्या मांसाची हाडं कोरून जहाजं केली. डेन्मार्कमध्ये चर्चच्या छताला नवसाची जहाजं टांगलेली असतात. आपल्याकडे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होड्यांच्या प्रतिकृती पाहायला मिळतात. मुंबईला जाणाऱ्यानं त्या कपाटासमोर थोडा वेळ काढावा.

पण धुळ्यात बसून हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारेल. इथून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, खारं वारं नाही, बंदर नाही, खलाशी नाही. या प्रश्नाचं उत्तर एका हरवलेल्या नकाशात आहे. ते मी जरा सविस्तर सांगणार आहे.

1812 साली इंग्रज आरमाराला ओकच्या लाकडाची टंचाई होती. नेपोलियनशी चाललेल्या युद्धानं इंग्लंडची जंगलं ओरबाडली होती. म्हणून काही युद्धनौका मुंबईच्या गोदीत सागवानात बांधून घ्यायच्या असं ठरलं. त्यांतल्या एका फ्रिगेटचे नकाशे लंडनहून मुंबईकडे निघाले ते ‘जावा’ नावाच्या इंग्रज युद्धनौकेवरून. ‘जावा’ मुंबईला पोचलीच नाही. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेनं तिला गाठलं, तिच्या डोलकाठ्या तोडल्या, तिचा कप्तान लँबर्ट मरणाची जखम घेऊन पडला, आणि जहाज इतकं मोडलं होतं की विजेत्यांनी ते ओढून न नेता जाळून टाकलं. ‘कॉन्स्टिट्यूशन’चं स्वतःचं सुकाणूचक्र लढाईत फुटलं होतं; तिनं ‘जावा’चं चक्र काढून आपल्या डेकवर बसवलं. मुंबईला निघालेले नकाशे ‘जावा’बरोबरच गेले. दुसऱ्या प्रती मुंबईत यायला 1813 साल उजाडलं आणि कणा बसायला 1816. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात कोरीव अक्षरांचा चांदीचा खिळा ठोकला गेला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते जहाज पाण्यात उतरलं. बांधायचा खर्च 23,000 पौंड. नाव ‘ट्रिंकोमाली’. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ते आजही तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली तरी मुंबईच्या सुतारांनी जोडलेलं अंग टिकून आहे.

‘जावा’वर नकाशांखेरीज माणसंही होती. त्यांत मुंबईला नेमणुकीवर निघालेला एक इंग्रज सेनानी होता, सर थॉमस हिस्लॉप. तो अमेरिकनांच्या हाती सापडला, सुटला, आणि पुढे हिंदुस्थानात आला. धुळे जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव वेगळ्याच कारणानं माहीत असतं. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव करून हिस्लॉपचं सैन्य खानदेशात उतरलं, आणि 27 फेब्रुवारी 1818 रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यासमोर उभं राहिलं. आत शिबंदी थोडी होती. दरवाजात बोलणं चालू असताना चकमक झाली, इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतल्या लोकांची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी देण्यात आलं. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी असलेल्या त्या गावात आज पडक्या भिंती आणि सुलतानांच्या कबरी आहेत. ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरल्यापासून थाळनेर पडेपर्यंत साडेचार महिने गेले होते. एकाच जहाजावरून निघालेल्या त्या नकाशांच्या दुसऱ्या प्रतींतून मुंबईत जगातलं एक उत्तम सागवानी जहाज घडलं, आणि त्या सेनानीनं आमच्या तापीकाठी रक्त सांडलं.

मॉडेलच्या दुकानांत ‘कॉन्स्टिट्यूशन’चं किट हमखास मिळतं. अमेरिकेत तिची लोकप्रियता अशी आहे की जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीनं तिचं किट काढलं आहे. शिरपूरच्या किंवा शिंदखेड्याच्या एखाद्या मुलानं ती पेटी उघडली आणि तोफांच्या खिडक्या बसवायला घेतल्या, तर त्याला हे ठाऊक असावं की त्या तोफा एकदा ज्याच्या दिशेनं सुटल्या तो माणूस पुढे त्याच्याच जिल्ह्यात आला होता. मला ही गोष्ट कळली तेव्हापासून दूरच्या समुद्राविषयी बोलणं मला परकं वाटेनासं झालं.

लाकडाचा धागा तर याहून जवळचा आहे. ‘ट्रिंकोमाली’चं सागवान मलबारचं, ते आपलं म्हणून सांगण्याचा मोह मी धरणार नाही. पण मुंबईच्या गोदीची भूक एका मलबारनं भागत नव्हती. 1842 साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली, ती जहाजांच्या सागासाठीच. डांग आज गुजरातेत आहे, पण एकोणिसाव्या शतकात बराच काळ त्याचा कारभार खानदेशातून पाहिला जात होता. साक्री आणि नवापूरच्या पलीकडे घाट उतरला की तेच जंगल सुरू होतं. त्या भाडेपट्ट्यापोटी राजांना पैसे देण्यासाठी भरणारा दरबार आजही होळीच्या सुमारास आहव्याला भरतो. दरबाराचा थाट पाहायला लोक जातात. त्याच्या मुळाशी जहाजाच्या फळ्या आहेत हे फारसं कुणी सांगत नाही.

सागाची एवढी मागणी का होती हे मॉडेल बांधणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्यात ठोकलेला लोखंडी खिळा हळूहळू खाल्ला जातो आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही सडतं. सागात तेल असतं. ते लोखंडाला सांभाळतं, पाण्याला दूर ठेवतं आणि किडीला सहजासहजी शिरू देत नाही. म्हणून मुंबईत बांधलेली जहाजं दीर्घायुषी निघाली. 1810 साली जमशेदजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत ‘मिंडन’ ही मोठी युद्धनौका बांधली. 1813 सालच्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. नवारिनोच्या लढाईत 1827 साली इंग्रज नौसेनापतीचं निशाण ज्या ‘एशिया’वर होतं तीही मुंबईचीच.

या वाडियांचा मूळपुरुष लवजी नसरवानजी हा सुरतेचा सुतार. 1736 साली कंपनीनं त्याला मुंबईला आणलं. सुरत तापीच्या मुखाशी आहे. धुळ्याची पांझरा मुडावदला कपिलेश्वराजवळ तापीला मिळते आणि ते पाणी पुढे सुरतेलाच जातं. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूरही त्याच तापीत येते. समुद्राशी आपलं नातं शोधायला नकाशावर बोट ठेवून एवढं उतरत गेलं तरी पुरे.

आता कामाच्या गोष्टीकडे वळतो.

पहिली अडचण प्रमाणाची. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे 46 मीटर. 1:64 या प्रमाणात तिचं अंग 72 सेंटिमीटरच्या आसपास येतं, 1:48 मध्ये सुमारे 95 सेंटिमीटर. त्यापुढे नाळेचा दांडा आणि वर डोलकाठ्या धरल्या की घरातल्या कपाटाचा एक खण पुरत नाही. म्हणून किट घेण्याआधी जागा मोजावी, किंमत नंतर पाहावी. प्रमाणाचा खरा उपयोग मात्र वेगळा आहे. खऱ्या जहाजावरची 30 सेंटिमीटर रुंदीची फळी 1:64 मध्ये पाच मिलिमीटरला थोडी कमी येते. पेटीतल्या पट्ट्या पाच मिलिमीटर रुंद का असतात ते इथे उमगतं. साडेपाच फुटांचा खलाशी 2.6 सेंटिमीटरचा होतो. असा एक पुठ्ठ्याचा माणूस कापून टेबलावर ठेवावा आणि प्रत्येक भाग त्याच्या शेजारी धरून पाहावा. कठडा त्याच्या कमरेपर्यंत येतो का, जिन्याच्या पायऱ्या त्याला चढता येतील का, सुकाणूचं चक्र त्याच्या हाती बसतं का. किट बनवणारे पुष्कळदा सोयीसाठी भाग जाड करतात, आणि ही जाडी पुठ्ठ्याचा माणूस लगेच उघडी पाडतो. दोरांचंही तेच. इंग्रज आरमारात दोर परिघानं मोजत. आठ इंच परिघाचा दोर जाडीला अडीच इंच, म्हणजे 1:64 मध्ये एक मिलिमीटर. पेटीतलं एकाच जाडीचं काळं रीळ सगळीकडे वापरलं तर जहाज जाळ्यात सापडल्यासारखं दिसतं.

दुसरी अडचण फळ्यांची. या पुस्तकातलं सगळ्यात लांबलचक प्रकरण तिच्यावर आहे, कारण सोडून दिलेली बहुतेक जहाजं इथेच अडलेली असतात. सांगाड्याचे आडवे छेद, ज्यांना बल्कहेड म्हणतात, लेसरनं सरळ काटकोनात कापलेले असतात. जहाजाचं अंग मात्र पुढे आणि मागे आत वळतं. त्यामुळे नाळेजवळच्या बल्कहेडची फक्त एक कड पट्टीला टेकते आणि बाकीची हवेत राहते. ती कड तिरकी घासून काढावी लागते. एका लांब सपाट काठीला पॉलिश पेपर चिकटवून, एका वेळी दोन-तीन बल्कहेडांवरून ती फिरवत, मधेमधे एक पट्टी अंगावर टेकवून पाहत. पट्टी नाळेपासून मागपर्यंत कुठेही उचलली न जाता, कुठेही खड्ड्यात न बसता पडली की सांगाडा तयार. या कामाला जितके दिवस लागतील तितके द्यावेत. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मग येतो तो हिशेब, जो सूचनापुस्तिका एका वाक्यात उरकतात. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा असतो आणि नाळेशी लहान. पण मध्ये जितक्या फळ्या तितक्याच नाळेशीही पोचल्या पाहिजेत. म्हणून फळी टोकाकडे अरुंद करावी लागते. किती, ते कागदाच्या पट्टीनं मोजता येतं. समजा मधल्या बल्कहेडचा वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचा वळसा 100 मिलिमीटर आला. पाच मिलिमीटरच्या वीस फळ्या लागतील. नाळेजवळच्या बल्कहेडवर तोच वळसा 60 आला, तर वीस फळ्यांच्या वाट्याला तिथे तीन-तीन मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फळी पाचवरून तीनवर उतरली पाहिजे, सरळ आणि हळू. हे सगळे आकडे प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलीनं आखून घ्यावेत. टोक अर्ध्या रुंदीच्याही खाली जात असेल तर फळी अणकुचीदार करू नये. दोन फळ्यांच्या जागी एकच न्यावी. मागच्या बाजूला उलट होतं, तिथे वळसा वाढतो आणि पाचर घालावी लागते. जुन्या गोदीतल्या सुतारांनी हेच केलं, कारण टोकदार फळीत खिळा धरत नाही. आपल्याला खिळ्याची तशी गरज नसली तरी डोळ्याला तेच खरं दिसतं.

फळ्या एकाच बाजूनं लावत सुटू नये. डाव्या अंगाला एक, मग उजव्या अंगाला तिची जोडीदार. ओली पट्टी सुकताना ओढते, आणि एका बाजूला दहा फळ्या ओढू लागल्या की कणाच पिळला जातो. पिळलेला कणा नंतर कुणालाही सरळ करता येत नाही. वाक देण्यासाठी पट्टी पाण्यात भिजवावी, मग गरम लोखंडावरून हलक्या हातानं फिरवावी. इस्त्रीचं टोकही चालतं. तिला जागेवर सुकू द्यावी आणि मग गोंद लावावा. साध्या फेव्हिकॉलनं काम भागतं. झटपट चिकटणारा गोंद फक्त एखाद्या हट्टी टोकाला, थेंबभर. त्याचा डाग लाकडात उतरतो आणि वर लावलेलं तेल तिथे मुरत नाही.

इथपर्यंतचं इटलीच्या किंवा स्पेनच्या माणसालाही लागू आहे. पुढचं फक्त आपल्याला. धुळ्याच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा पार कोरडी होते. लाकूड लांबीला फारसं आखडत नाही, पण रुंदीला आखडतं. पावसाळ्यात घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात रेघा पडतात, आणि उन्हाळ्यात बसवलेल्या पावसाळ्यात एकमेकींना रेटून वर उचलतात. युरोपातून आलेलं लाकूड तर आणखी वेगळ्या हवेतलं. म्हणून पेटी आली की ती उघडी करून, पट्ट्या मोकळ्या करून, ज्या खोलीत काम करायचं त्याच खोलीत काही आठवडे राहू द्यावी. कूलरसमोर ठेवू नये. फळ्यांचं काम दिवाळीनंतर घ्यावं, तेव्हा आपल्याकडची हवा दोन्ही टोकांच्या मध्ये असते. उन्हाळ्यात गोंद ब्रशवरच सुकतो, तेव्हा डोलकाठ्या आणि लहान भाग करावेत, तेही सकाळी. दोरांचा ताणही हवेनुसार बदलतो. त्यांना मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतलं की हा बदल कमी होतो आणि तंतूंची पिसं बसतात.

पेटीतलं लाकूड संपलं, मोडलं, किंवा पसंत पडलं नाही, तर पार्सलची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. सागाचा मोह मात्र आवरावा. त्याच्या रेषा ठळक असतात आणि 1:64 च्या जहाजावर त्या राक्षसी दिसतात. सागवानी जहाजाचं मॉडेल सागात चांगलं होत नाही, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. सातपुड्याच्या आणि डांगच्या पट्ट्यात वाढणारा हेदू हे आपलं लाकूड. पिवळसर, एकसारख्या पोताचं, बारीक कोरीवकामाला धार धरणारं. त्याचे फणे आणि रिळं होत ती उगीच नाही. परदेशी कारागीर ज्या महागड्या बॉक्सवूडसाठी झुरतात त्याच्या जागी हेदू चालतो. काळ्या पट्ट्यांना शिसव. हे तुकडे लाकडाच्या वखारीतून, सुताराच्या छाटीतून घ्यावेत. जंगलातून आणू नयेत. लाकडी खुंट्यांसाठी बांबूची चीप काढून ती सोनाराच्या जंत्रीतून, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, एकेक भोक कमी करत ओढावी. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत गोल काडी मिळते. मी ज्यांच्या दुकानात छाट शोधायला जातो त्या सुतारबाबांनी ही खुंटी पाहिली तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, आमच्या आजाच्या दारांना असल्याच होत्या, फक्त बोटाएवढ्या.” रंधा, पटाशी, गुण्या यांचा उपयोग मला त्यांच्यासारख्यांनीच शिकवला. जहाज न पाहिलेल्या माणसाला लाकडाचं जे ज्ञान असतं ते या कामाचा मोठा हिस्सा आहे.

नकाशा आधी वाचा असं मी म्हणतो तेव्हा मनात आमच्या गावचं एक उदाहरण असतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. अस्सल कागद हाती आल्याशिवाय विधान करायचं नाही, हा त्यांचा आग्रह. किटचा नकाशा हा बहुधा तिसऱ्या-चौथ्या हातून आलेला असतो. ज्या जहाजाचं मॉडेल करायचं त्याचे मूळ आराखडे, निदान त्यांची छायाचित्रं मिळवून शेजारी लावावीत. पेटीत काय सोपं केलं आहे ते दिसू लागतं, आणि काय सुधारायचं, काय सोडून द्यायचं हे आपण ठरवू शकतो.

पण मूळ आराखडाच नसेल तर? त्याचं उत्तर अलीकडे आपल्या शेजारच्याच डोंगरातून निघालं. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण या बौद्ध भिक्षूच्या कथेचं चित्र आहे. त्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज आहे: उभट शिडं, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही, डेकवर ओळीनं रांजण, नाळेवर रंगवलेला डोळा. समुद्रापासून इतक्या आत, पाचव्या शतकाच्या सुमारास, कुणीतरी जहाज पाहून किंवा पाहिलेल्याकडून ऐकून ते काढलं. त्या चित्रावरून भारतीय नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांनी खरं जहाज बांधायचं ठरवलं. 12 सप्टेंबर 2023 रोजी कणा बसला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या एकाही खिळ्याशिवाय, काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवण्यात आल्या, सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. चित्राला खोली नसते. पाण्याखालचं अंग कसं असेल हे चित्रकारानं सांगितलेलं नव्हतं. म्हणून नौदलाच्या आरेखकांनी तर्कानं आकार काढला, आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याचं लहान मॉडेल पाण्यात घालून तपासलं. 21 मे 2025 रोजी कारवारला ते जहाज ‘कौंडिण्य’ नावानं नौदलात आलं. वर्षअखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचलं, वाऱ्यावर.

भिंतीवरचं चित्र आणि समुद्रावरचं जहाज यांच्यामध्ये एक मॉडेल होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधीच्या शतकांतली गोदीची मॉडेलं हेच काम करत होती. ‘कौंडिण्य’चं लाकडी किट कुणी काढावं, आणि ते खानदेशातल्या शाळांत पोचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अजिंठ्याला सहलीला जाणाऱ्या मुलांना ते चित्र अंधारात दोन मिनिटं दिसतं. फळीला फळी शिवून पाहिली तर ते आयुष्यभर दिसेल.

किटमधून बांधणं हे खरं बांधणं नव्हे, असं म्हणणारे जाणकार आहेत. नकाशापासून प्रत्येक फासळी स्वतः कापणाऱ्यांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण सुरुवात करणाऱ्याला पहिल्याच दिवशी चाळीस फासळ्या कापायला लावणं म्हणजे त्याला परत पाठवणं. किट त्याला सांगाडा देतं आणि फळ्यांचा, दोरांचा, डोलकाठीचा धडा त्याच्याकडून करून घेतं. तेवढं आलं की पेटीची गरज आपोआप कमी होते.

पहिलंच किट शंभर तोफांच्या ‘व्हिक्टरी’ या इंग्रज युद्धनौकेचं घेऊ नये. पेटीवरचं चित्र कितीही मोहात पाडो, तिच्यात दोन-चार वर्षांचं काम असतं. लहान होडीनं सुरुवात करावी. मॉडेल शिपवेज या कंपनीनं नवशिक्यांसाठी काढलेली मालिका त्यासाठी उत्तम आहे: आधी डोरी, मग नॉर्वेची शिडाची प्रॅम, मग लॉबस्टर पकडायची होडी. यांत तोफा नाहीत, दोर थोडे आहेत, आणि फळीचं सगळं व्याकरण आहे. त्यानंतर एक डोलकाठीचं जहाज, मग दोन. इथे किमतीबरोबर टपालखर्च आणि सीमाशुल्कही भरावं लागतं, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एक किट घ्यावं असं मी सुचवेन. एकानं डावं अंग आणि एकानं उजवं केलं तर दोघंही शिकतात आणि कणा पिळत नाही. अक्रोड आणि शिसव घासताना नाकावर मास्क हवाच. त्यांची भुकटी छातीला वाईट.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिल्या दोन प्रकरणांत लाकडाला हात लागत नाही. तिथे फक्त नकाशे आणि प्रमाण आहे. कंटाळा आला तरी ती गाळू नयेत. सांगाडा आणि फळ्या यांची प्रकरणं काम करत करत वाचायची आहेत, पुस्तक टेबलावर उघडं ठेवून. दोरकामाचं प्रकरण शेवटी आहे, पण ते डेक बसवण्याआधी एकदा वाचून काढावं. खालच्या शिडांचे कितीतरी दोर ज्या पितळी कड्यांना बांधायचे असतात त्या तोफांच्या मागे, वरच्या डेकखाली येतात, आणि डेक एकदा बंद झाला की तिथे चिमटा पोचत नाही.